कायद्याचे शिक्षण: पदवीच्या काळातच प्रत्यक्ष काम कसे शिकावे आणि खर्च कसा भागवावा

कायद्याची पदवी हाती आल्यावर वकिलीची सनद मिळवता येते. मात्र अशील समोर बसल्यावर त्याला नेमके काय विचारायचे, दाव्याचा मसुदा कसा बांधायचा, तारखेला न्यायाधीशांसमोर उभे राहून दोन वाक्यांत काय मागायचे, या गोष्टी पदवीच्या परीक्षेत फारशा विचारल्या जात नाहीत. त्या शिकता याव्यात यासाठी नियमांत तरतूद आहे. अनेक विद्यार्थ्यांना ती माहीत नसते, आणि ज्यांना माहीत असते त्यांच्यापैकीही बरेच जण ती कागदोपत्री पूर्ण करतात. घरात आधी कोणी वकील नसलेल्या विद्यार्थ्याचे यात सर्वांत जास्त नुकसान होते. वकिलाच्या मुलाला हे काम घरी शिकायला मिळते, इतरांना पदवीची तीन किंवा पाच वर्षेच काय ती मिळतात.

या लेखात प्रवेशापासून सनद मिळाल्यानंतरच्या पहिल्या तीन वर्षांपर्यंतची माहिती दिली आहे. महाराष्ट्र आणि गोव्याबाहेर, म्हणजे इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ती उपयोगी पडेल.

तीन वर्षे की पाच वर्षे?

बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम करता येतो, तर कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा. सनदेच्या दृष्टीने दोन्ही पदव्या समान आहेत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार आधीच्या परीक्षेत किमान ४५ टक्के गुण लागतात. इतर मागासवर्गीयांसाठी ही मर्यादा ४२ टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के आहे.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्षाची विधी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती मराठीतूनही देता येते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही वेगळी परीक्षा असून ती इंग्रजीतून होते. दिल्ली विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला सीयूईटी पीजीच्या गुणांवर प्रवेश मिळतो.

शुल्कात मोठी तफावत आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठात वर्षाचा खर्च दोन लाख रुपयांच्या पुढे जातो. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासून सुरू आहे. अशा शासकीय किंवा अनुदानित महाविद्यालयांत शुल्क त्या मानाने फार कमी असते. मोठ्या कंपन्या आणि मोठ्या विधी संस्था नोकरभरतीसाठी प्रामुख्याने राष्ट्रीय विद्यापीठांकडे वळतात, हे खरे आहे. पण ज्याला जिल्हा न्यायालयात वकिली करायची आहे किंवा न्यायाधीश, सरकारी वकील व्हायचे आहे, त्याने केवळ नावासाठी मोठे कर्ज काढण्याआधी विचार करावा. जिल्हा न्यायालयाजवळचे साधे महाविद्यालय अशा विद्यार्थ्याला जास्त उपयोगी पडू शकते.

प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयाला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का आणि ती कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे कौन्सिलच्या संकेतस्थळावरील यादीत स्वतः पाहावे. दूरस्थ, पत्रद्वारा किंवा केवळ ऑनलाइन घेतलेल्या एलएल.बी. पदवीवर सनद मिळत नाही. “हजेरी लागत नाही, फक्त परीक्षेला या” असे सांगणाऱ्या मध्यस्थाला पैसे देऊ नयेत.

शिकायचे कोठे? आधी न्यायालयाची भाषा पाहा

महाविद्यालय निवडताना बहुतेक पालक निकाल, वसतिगृह आणि शुल्क पाहतात. न्यायालयाच्या भाषेचा विचार मात्र क्वचितच होतो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च न्यायालयाचे आणि सर्वसाधारणपणे उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार या राज्यांच्या उच्च न्यायालयांत हिंदीच्या वापरालाही परवानगी आहे. जिल्हा आणि तालुका पातळीवर मात्र राज्याची भाषा महत्त्वाची ठरते. महाराष्ट्रात फिर्याद, पंचनामा, जबाब, सातबारा, फेरफार हे सारे मराठीत असते. बेळगावात तेच कागद कन्नडमध्ये, बडोद्यात गुजरातीत आणि इंदुरात हिंदीत असतात. गोव्यात न्यायालयीन कामात इंग्रजीचा वापर मोठा आहे.

इंदूरमध्ये वाढलेल्या मराठी विद्यार्थ्याला पुढे पुण्यात वकिली करायची असेल, तर घरची बोली मराठी पुरणार नाही. तलाठ्याच्या दप्तरातील आणि पोलीस ठाण्यातील मराठी वाचण्याचा सराव लागेल. उलट, पुण्यात शिकून बेळगावला परतणाऱ्याला कन्नड लिहिता-वाचता आले नाही, तर साक्षीदाराच्या उलटतपासात तो पूर्णपणे दुभाष्यावर अवलंबून राहील. महाराष्ट्रातील दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी मराठीचे ज्ञान आवश्यक असते. इतर राज्यांतही तेथील भाषेची अशीच अट असते.

एका राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी केली, तरी अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३० नुसार देशभर वकिली करता येते. हे कलम १५ जून २०११ पासून लागू आहे. कायद्याने ही मोकळीक दिली असली, तरी भाषा ज्याची त्यालाच शिकावी लागते.

इंटर्नशिप: नियम काय सांगतो

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप सक्तीची आहे. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ ती करता येत नाही. त्यामुळे सगळे आठवडे शेवटच्या सुट्टीवर ढकलता येत नाहीत. संपूर्ण शिक्षणकाळात एकदा तरी खटला चालवणाऱ्या आणि अपिलाचे काम करणाऱ्या वकिलांकडे काम केलेले असले पाहिजे. बाकीचा काळ स्वयंसेवी संस्था, न्यायाधीश, कंपनी, विधी संस्था, नियामक प्राधिकरण, विधिमंडळ किंवा स्थानिक स्वराज्य संस्था यांच्याकडे घालवता येतो. विद्यार्थ्याने रोजनिशी ठेवावी आणि तिचे मूल्यमापन व्हावे, असेही नियमात आहे.

ओळखीच्या वकिलाकडून प्रमाणपत्र घेऊन रोजनिशी शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत लिहून काढण्याचा प्रकार अनेक ठिकाणी चालतो. गुण मिळतात, पदवी मिळते. पण सनद घेतल्यावर पहिल्याच दिवशी वरिष्ठ म्हणतात, “मुदतीचा अर्ज लिहून आण”, आणि अर्जाच्या शीर्षकात काय लिहायचे इथपासून अडते.

पहिले चार आठवडे कोठे घालवावेत? मुंबई किंवा दिल्लीतील मोठ्या कार्यालयाचे नाव आकर्षक वाटते. परंतु तेथे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला बहुधा न्यायनिर्णय शोधणे आणि छायाप्रती जुळवणे येते. त्यापेक्षा आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयात दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कामे करणारा मध्यम वयाचा, रोज न्यायालयात उभा राहणारा वकील शोधावा. त्याच्याकडे एका महिन्यात वाटणीचा दावा, भाडेकरूचा वाद, धनादेश न वटल्याची तक्रार, जामीन, पोटगी आणि मोटार अपघाताची भरपाई अशी सगळी प्रकरणे येऊन जातात.

तेथे काम असे करावे. सकाळी न्यायालय सुरू होण्यापूर्वी त्या दिवशीचे बोर्ड पाहावे आणि वरिष्ठांची प्रकरणे कोणत्या टप्प्यावर आहेत ते वहीत लिहावे. ई-कोर्ट्स सेवेच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर प्रकरणाचा १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की मागील तारखांना काय झाले आणि पुढील तारीख कोणती, हे विनाशुल्क दिसते. मग एकच दिवाणी फाईल निवडून ती पहिल्या पानापासून वाचावी. त्यात दावा, कागदपत्रांची यादी, वकालतनामा, समन्स बजावल्याचा अहवाल, प्रतिवादीची कैफियत, मुद्दे, सरतपासाचे प्रतिज्ञापत्र, उलटतपास आणि पुरसीस असे कागद असतात. प्रत्येक कागद कोणत्या तरतुदीखाली दाखल झाला, हे समोर दिवाणी प्रक्रिया संहिता उघडून पाहावे. उदाहरणार्थ, समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची असते आणि न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. वर्गात ऐकलेला हा नियम पटकन विसरला जातो. पण मुदत उलटून गेल्यामुळे विलंबमाफीचा अर्ज करावा लागलेली एखादी फाईल हाताळली, की तो पक्का लक्षात राहतो.

दुसऱ्या आठवड्यात वरिष्ठांना विचारावे, “सर, हा मुदतीचा अर्ज मी लिहून पाहू का?” बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. लिहिलेल्या मसुद्यावर त्यांनी लाल शाईने केलेल्या दुरुस्त्या जपून ठेवाव्यात. वकिलाच्या कारकुनाशीही आदराने वागावे. शुल्काचा मुद्रांक किती रुपयांचा लागतो, नक्कल कोठे मिळते, नाझर कोठे बसतात, बेलिफाकडे समन्स कधी जाते, ही माहिती अनेकदा वकिलापेक्षा त्याला जास्त असते.

विद्यार्थ्याने स्वतः युक्तिवाद करू नये. नोंदणीकृत अधिवक्त्यालाच वकिली करता येते. इंटर्नसाठी पांढरा सदरा, काळा कोट, काळा टाय असा औपचारिक पोशाख नियमात सांगितला आहे. बँड आणि गाऊन सनदेनंतर.

अशिलाची माहिती बाहेर बोलू नये. फाईलच्या पानाचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकणे तर पूर्णपणे टाळावे. घटस्फोटाच्या किंवा अत्याचाराच्या प्रकरणातील माणसाने आपले सर्वस्व त्या टेबलावर मांडलेले असते.

चार प्रात्यक्षिक पेपर

मसुदालेखन व दस्तऐवज, व्यावसायिक नीतिमत्ता, पर्यायी तंटा निवारण आणि अभिरूप न्यायालय व इंटर्नशिप असे चार प्रात्यक्षिक विषय सर्व विद्यार्थ्यांना सक्तीचे आहेत. चौथ्या विषयाच्या १०० गुणांची विभागणी पाहण्यासारखी आहे. अभिरूप न्यायालयाला ३० गुण आहेत. एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहून त्याची नोंद ठेवण्यासाठी ३० गुण आहेत. अशिलाची मुलाखत आणि खटल्याच्या पूर्वतयारीच्या रोजनिशीला ३० गुण आहेत, आणि तोंडी परीक्षेला १०.

यातील खटला पाहण्याचा भाग सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाचा आहे. एकाच खटल्याच्या वेगवेगळ्या तारखांना हजर राहणे अपेक्षित आहे. एका दुपारी जाऊन जे कानावर पडेल ते लिहून आणणे यात बसत नाही. सत्र न्यायालयातील एखादा खटला निवडून, साक्षीदाराचा पोलिसांपुढील जबाब आणि न्यायालयातील साक्ष यांत कोठे फरक पडतो व बचाव पक्षाचा वकील तो फरक कसा पकडतो, हे सलग दोन-तीन तारखा पाहिल्यास उलटतपास म्हणजे काय ते समजते. चित्रपटातील आरडाओरडा तेथे नसतो. लहान, साधे, आधीच उत्तर माहीत असलेले प्रश्न असतात.

फौजदारी कायद्याच्या विद्यार्थ्याला सध्या दुहेरी काम आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र भारतीय दंड संहिताच लागू राहते. जुने खटले अजून चालू आहेत. पोटगीचे कलम १२५ नव्या संहितेत कलम १४४ झाले आहे, तरी न्यायालयाच्या आवारात बोलताना अजूनही “एकशे पंचवीस”च म्हणतात. दोन्ही कलमांची तुलनात्मक तक्ता-वही स्वतः तयार करावी. विकतची वही कामाला येते, पण स्वतः लिहिलेली डोक्यात राहते.

महाविद्यालयातील विधी सेवा केंद्र आणि शासनाच्या योजना

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती आणि विहित मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना मोफत विधी सेवा मिळते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या म्हणजे नालसाच्या २०११ च्या विनियमांत विधी महाविद्यालयांत अशी सेवा केंद्रे चालवण्याची तरतूद आहे. गोव्यात पणजीजवळ मिरामारच्या साळगावकर विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी गावोगावी विधी सहाय्याचे काम करत आले आहेत.

आपल्या महाविद्यालयातील केंद्र फलकापुरतेच असेल, तर प्राचार्यांना आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी विनंती करावी. सचिवांचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते. केंद्रात विद्यार्थ्याला करता येण्यासारखी कामे बरीच आहेत. माहितीच्या अधिकाराचा अर्ज, निवृत्तिवेतन किंवा शिधापत्रिकेबाबतचे निवेदन, मोफत वकिलासाठीचा अर्ज लिहून देता येतो. ग्राहक तक्रारीचा मसुदाही करता येतो. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही आणि तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो. अर्ज लिहून झाल्यावर तो तक्रारदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवावा आणि मगच सही घ्यावी.

याशिवाय तीन संधी लक्षात घ्याव्यात. नालसाच्या योजनेनुसार कायद्याचे विद्यार्थी सनद घेईपर्यंत विधी स्वयंसेवक म्हणून काम करू शकतात. निवड आणि प्रशिक्षण जिल्हा प्राधिकरणामार्फत होते. केंद्रीय न्याय विभागाच्या न्याय बंधू कार्यक्रमात विधी महाविद्यालयांत प्रो बोनो क्लब स्थापन केले जातात आणि विद्यार्थी विनामूल्य काम करणाऱ्या वकिलांना संशोधन व मसुदालेखनात मदत करतात. त्याच विभागाची टेली-लॉ सेवा २०१७ पासून सुरू आहे. तिच्यातून खेड्यातील नागरिकाला सामायिक सेवा केंद्रातून किंवा १४४५४ या क्रमांकावर वकिलाचा सल्ला मिळतो. गावाकडच्या विद्यार्थ्याने सुट्टीत आपल्याच गावातील लोकांना या सेवेपर्यंत नेले, तरी कोणते प्रश्न वारंवार येतात हे त्याला कळते. मोफत विधी सेवेसाठी नालसाचा मदत क्रमांक १५१०० आहे.

शुल्क, शिष्यवृत्ती आणि कर्ज

अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती कायद्याच्या अभ्यासक्रमालाही मिळते. केंद्राच्या या योजनांत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २.५० लाख रुपये आहे. महाराष्ट्रातील रहिवाशांनी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा. शुल्क सवलतीच्या राज्य योजनाही तेथेच दिसतात.

राज्याबाहेर राहणाऱ्या कुटुंबांनी येथे विशेष काळजी घ्यावी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा कायम रहिवासी आहे ते राज्य देते. शिकत असलेले राज्य देत नाही. तसेच एका राज्यातून दुसऱ्या राज्यात स्थलांतर केलेल्या कुटुंबाला मूळ राज्याच्या जात प्रमाणपत्रावर नव्या राज्याच्या राखीव जागेचा दावा सहसा करता येत नाही. अधिवास आणि जात प्रमाणपत्र कोणत्या राज्याचे आहे, हे प्रवेशाच्या वर्षाआधीच तपासावे. प्रवेश फेरी सुरू झाल्यावर तहसील कार्यालयात धावपळ केल्यास जागा हातची जाण्याची भीती असते.

शैक्षणिक कर्जासाठी पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. यादीतील गुणवत्ताप्राप्त संस्थांमध्ये प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळू शकते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि इतर शासकीय शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत घेत नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळ आणि त्यानंतरच्या स्थगिती काळात ३ टक्के व्याज सवलत आहे. सवलत मिळणाऱ्यांची संख्या वर्षाला एक लाखापर्यंत मर्यादित आहे. आपली संस्था यादीत नसेल तर बँकेचे नेहमीचे शैक्षणिक कर्ज घेता येते, पण हप्ते कधी सुरू होतील ते आधीच लिहून घ्यावे. वकिलीच्या पहिल्या दोन वर्षांत हप्ता भरण्याइतकी कमाई होईलच असे नाही, हे बँकेच्या टेबलावर कोणी सांगत नाही.

सनद आणि एआयबीई

पदवीनंतर राज्य बार कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी एकच बार कौन्सिल आहे. नोंदणी शुल्काबाबत सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी महत्त्वाचा निकाल दिला. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम २४ मध्ये ठरलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे सर्वसाधारण उमेदवारांकडून ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांकडून १२५ रुपये यांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. मुद्रांक शुल्क लागू असल्यास ते वेगळे. त्याआधी काही राज्यांत ही रक्कम ४० हजारांच्या वर गेली होती. ओळखपत्र, कल्याण निधी किंवा प्रशिक्षण अशा नावाखाली नोंदणीच्या वेळी सक्तीने जास्त रक्कम मागितल्यास पावती मागावी आणि लेखी हरकत नोंदवावी. निकाल पुढील काळासाठी आहे, त्यामुळे आधी भरलेल्या रकमेचा परतावा मिळत नाही.

नोंदणी सुरुवातीला तात्पुरती असते. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. १०० वस्तुनिष्ठ प्रश्न असतात. उत्तीर्ण होण्यासाठी ४५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण लागतात. टीपा नसलेली मूळ अधिनियमांची पुस्तके सोबत नेता येतात. फाईल वाचताना ज्याने मूळ कायदा उघडण्याची सवय लावली आहे, त्याला या परीक्षेचे दडपण येत नाही. ज्याने केवळ गाईड वाचली आहेत, त्याला पुस्तक जवळ असूनही कलम सापडत नाही.

पहिली तीन वर्षे

या काळाबद्दल आधीच स्पष्ट बोललेले बरे. नवोदित वकिलाला ठरलेला पगार नसतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. ती सक्तीची नाही. अनेक ठिकाणी प्रवासखर्चापुरतीच रक्कम मिळते. वरिष्ठांकडे रुजू होताना महिन्याला किती देणार, स्वतःची कामे घेता येतील का आणि न्यायालयात उभे राहू देणार का, हे तिन्ही प्रश्न नम्रपणे पण पहिल्याच भेटीत विचारावेत. पैसे थोडे कमी असले तरी रोज उभे राहायला मिळत असेल, तर ती जागा सोडू नये. पैसेही नाहीत आणि दोन वर्षे फक्त फाईल उचलणेच आहे, अशा ठिकाणी लाजेखातर राहू नये.

फौजदारी कामाची आवड असणाऱ्यासाठी नालसाची विधी सहाय्य बचाव वकील प्रणाली हा एक चांगला मार्ग आहे. ज्या जिल्ह्यांत ती लागू आहे तेथे मोफत विधी सेवेला पात्र आरोपींचा बचाव पूर्णवेळ वकील करतात. २०२२ च्या सुधारित योजनेनुसार मुख्य बचाव वकिलासाठी किमान १० आणि उपमुख्यासाठी ७ वर्षांची वकिली लागते. सहायक पदासाठी मात्र शून्य ते तीन वर्षांचा अनुभव चालतो. नेमणूक कंत्राटी असते, दरमहा मानधन मिळते आणि खासगी वकिली करता येत नाही. महाविद्यालयात असताना तुरुंगातील विधी सेवा केंद्रात काम केलेल्या विद्यार्थ्याला मुलाखतीत सांगण्यासारखे काही असते.

न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्यांसाठी परिस्थिती बदलली आहे. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. हा काळ तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजला जातो आणि न्यायाधीशांकडे विधी लिपिक म्हणून केलेले कामही धरले जाते. अनुभवाचा दाखला त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याकडून, किंवा किमान १० वर्षे वकिली केलेल्या अधिवक्त्याकडून आणि प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याच्या पृष्ठांकनासह द्यावा लागतो. या विषयावर पुढेही आदेश होऊ शकतात, म्हणून भरतीच्या जाहिरातीतील अट अंतिम मानावी. पदवीनंतर थेट शिकवणी वर्गात दोन वर्षे बसण्याचा जुना मार्ग मात्र आता भरवशाचा राहिलेला नाही. नोंदणीस सहा महिने उशीर केला, तर परीक्षेला बसण्याची पात्रताही सहा महिने पुढे जाते.

सरकारी बँकांमधील विधी अधिकारी पदासाठीही केवळ पदवी पुरत नाही, बार कौन्सिलकडे अधिवक्ता म्हणून नोंदणी झालेली असावी लागते. पूर्णवेळ पगारी नोकरी स्वीकारल्यावर वकिली करता येत नाही. तशी नोकरी लागल्यास बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित ठेवावी आणि नोकरी सोडल्यावर ती पुन्हा सुरू करून घ्यावी.

वकिलीचा पुरावा पहिल्या दिवसापासून जमवावा. ज्या वकालतनाम्यावर आपले नाव आहे त्याची प्रत, ज्या रोजनाम्यात किंवा आदेशात आपली हजेरी नोंदली आहे त्याची छापील प्रत, असे वर्षाला निदान दहा-बारा कागद तारखेनुसार एका फाईलमध्ये लावावेत. वकालतनाम्यावर वरिष्ठांबरोबर आपलेही नाव लिहावे, अशी विनंती त्यांना सुरुवातीलाच करावी. तीन वर्षांनी दाखला मागायला गेल्यावर हीच फाईल समोर ठेवावी लागते.